जॅझ-संगीत मुंबईस कसें आलें

श्रोतेहो, लग्नसराईच्या दिवसांत यवतमाळच्या कोणत्याहि रस्त्यावर सायंकाळीं घटकाभर उभें राहावें, म्हणजे एक तरी वरात दृष्टीस पडतेच. घोड्यावर नवरदेव, दोहों बाजूंस बत्त्या आणि पुढें बँडवाले. त्यांच्या बाजांतून 'अलबेला' या जुन्या बोलपटांतील एखादी चाल निघाली, कीं म्हाताऱ्या माणसांचेहि पाय हलूं लागतात. ही चाल कोठून आली असेल, असा विचार माझ्या मनांत पुष्कळ वर्षें कधीं आला नाहीं.

आमच्या शाळेंत एका बँडवाल्याचा मुलगा होता. मुहूर्त सुरू झाले कीं हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें गैरहजेरीच्या फुल्या पडत. एके दिवशीं मीं त्याला वर्गासमोर उभें केलें आणि म्हटलें, "बाजा फुंकणें ही कांहीं विद्या नव्हे!" सारा वर्ग हंसला. तो खालीं मान घालून "होय, गुरुजी" एवढेंच म्हणाला. आपण काय बोललों हें मला फार उशिरां कळलें. तें कसें कळलें, हें सांगण्याच्या निमित्तानेंच आज जॅझ-संगीताचा हा विषय आपणांपुढें मांडीत आहें.

प्रथम जॅझ म्हणजे काय, तें पाहूं. अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स नांवाचें शहर आहे. तेथील कृष्णवर्णीय वादकांनीं विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास हें संगीत घडविलें. त्यांचे आजे-पणजे गुलाम म्हणून विकले गेलेले होते. मिरवणुकीच्या बँडचीं वाद्यें त्यांच्या हातीं आलीं आणि त्यांनीं तीं निराळ्याच रीतीनें बोलतीं केलीं. या संगीताचीं दोन लक्षणें आपल्या कानांस परकीं वाटणार नाहींत. पहिलें असें कीं, चाल ठरलेली असली तरी कसबी वादक ती प्रत्येक वेळीं नव्यानें रंगवितो. आपला गवई तरी ख्यालाची चीज मांडतांना दुसरें काय करतो? दुसरें लक्षण लयीचें. आघात नेमका मात्रेवर न देतां दोन मात्रांच्या मधल्या फटींत द्यावयाचा आणि ऐकणाऱ्यास झुलवावयाचें. आडलयीचा तबला ज्यांनीं ऐकला आहे, त्यांस हें सहज उमगेल. तिसरी गोष्ट मात्र आपल्याकडे नव्हती. ती म्हणजे निरनिराळे स्वर एकाच वेळीं वाजवून त्यांचा मेळ साधणें. हिची आठवण ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

अमेरिकेंतून हें संगीत बाहेर पडलें तें युद्धाच्या निमित्तानें. १९१८ सालच्या आरंभीं अमेरिकेची एक कृष्णवर्णीय पलटण फ्रान्समध्यें उतरली. पुढें ३६९ वी पायदळ पलटण म्हणून ती नांवाजली गेली. तिच्या बँडचे नायक जेम्स रीस यूरोप यांनीं फ्रेंच लोकांस या नव्या लयीची गोडी लावली. युद्ध संपल्यावर लुई मिचेल नांवाच्या ढोलवादकाची 'जॅझ किंग्ज' ही मंडळी पॅरिसच्या 'कॅझिनो द पारी' या नाट्यगृहांत वाजवूं लागली. स्वदेशीं ज्यांस गोऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची मुभा नव्हती, त्या वादकांस पॅरिसमध्यें मानानें बोलावणीं येऊं लागलीं. पुढें फ्रेंचांनीं हें संगीत आपलेंसें केलें. १९३२ सालीं पॅरिसमध्यें जॅझप्रेमी मंडळींचें एक मंडळ निघालें. १९३४ सालीं जँगो राइनहार्ट आणि स्तेफान ग्रापेली यांनीं त्या मंडळाच्या आश्रयानें केवळ तंतुवाद्यांचें जॅझ-पंचक उभें केलें. जँगो हा भटक्या जमातींतला गिटारवादक. आगींत भाजून त्याच्या डाव्या हाताचीं दोन बोटें निकामी झालीं होतीं. उरलेल्या बोटांनीं त्यानें आपली वादनाची स्वतंत्र शैली निर्माण केली.

मिचेलच्या मंडळींत क्रिकेट स्मिथ नांवाचा एक ट्रंपेटवादक होता. पूर्वीं अमेरिकेंत तो त्याच जेम्स यूरोप यांच्या हाताखालीं वाजवीत असे. पॅरिस आणि मुंबई यांस जोडणारा दुवा तो हाच.

मुंबईचें ताजमहाल हॉटेल १९०३ सालीं सुरू झालें. १९३५ सालीं लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाची मंडळी युरोपांतून येऊन ताजच्या नृत्यशाळेंत वाजवूं लागली. त्यापाठोपाठ क्रिकेट स्मिथ तेथें स्वतःच्या मंडळीचा नायक झाला. त्याच्या जोडीस पियानोवर टेडी वेदरफोर्ड असे. हा शिकागोंत नांव मिळवून शांघायमार्गें हिंदुस्थानांत आलेला होता. १९३६ सालीं या मंडळीनें मुंबईंत ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांतील एकीस 'ताजमहाल' असेंच नांव आहे. वेदरफोर्ड पुढें कलकत्त्यास गेला आणि १९४५ सालीं पटकीच्या विकारानें तेथेंच वारला.

ऐकणारे कोण, म्हणाल, तर गोरे अधिकारी, संस्थानिक आणि शहरांतील धनिक. आमच्या यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवरून ज्या मुंबईस जात असे, त्याच मुंबईंत हें सारें चाललें होतें. परंतु त्या दिवाणखान्याचें दार सामान्य माणसास बंद होतें. तें दार गोव्याच्या वादकांनीं उघडलें.

गोव्यांत पोर्तुगीज अमदानींत चर्चच्या जोडीनें पाठशाळा चालत. प्रार्थनासंगीतासाठीं तेथें लहान मुलांस स्वरलिपि वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. हीं मुलें मोठीं झालीं कीं पोटासाठीं मुंबई गांठीत, धोबीतलावाच्या परिसरांत आपापल्या गांवच्या 'कुडां'त राहात आणि मूकपटांच्या थिएटरांत, हॉटेलांत, जेथें मिळेल तेथें वाजवीत. कागदावरचें वाजविणें त्यांस येत होतें. कागदावर नसलेलें वाजविण्याची हिंमत त्यांनीं या पाहुण्यांपासून उचलली. हळदोणें गांवचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकीं एक. त्यांचा जन्म १९१६ चा. 'चिक चॉकलेट' या नांवानें ते प्रसिद्ध झाले आणि हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून लोक त्यांस ओळखूं लागले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे दुसरे. यांनीं पुढें 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोंकणी बोलपट काढले. मिकी कोरिया यांच्या मंडळीनें १९३९ पासून सुमारें दोन तपें ताजमध्यें वाजविलें. पारशी समाजांतील कावसजी खटाव हे सॅक्सोफोन हातीं घेऊन 'रूडी कॉटन' झाले.

१९४७ सालीं इंग्रज गेले, संस्थानें विलीन झालीं आणि १९५० पासून मुंबईंत पूर्ण दारूबंदी आली. हॉटेलांच्या नृत्यशाळा ओस पडूं लागल्या. पण वादकांस तोंवर दुसरें अन्नछत्र सांपडलें होतें. तें म्हणजे चित्रपट.

येथें मघां सांगितलेल्या तिसऱ्या लक्षणाचें काम पडतें. आपले संगीतदिग्दर्शक चाल सुंदर बांधीत. परंतु वीस-तीस वाद्यांपैकीं कोणीं कोणता स्वर केव्हां वाजवावा, याचा लेख करणें बहुतेकांस अवगत नव्हतें. दिग्दर्शकांनीं चाल गाऊन दाखवावी; गोव्याच्या वादकानें ती कागदावर उतरून घ्यावी, तिच्याखालीं स्वरमेळ भरावा, दोन कडव्यांमधले वाद्यांचे तुकडे रचावे आणि प्रत्येक वादकापुढें त्याचा त्याचा कागद ठेवावा, अशी पद्धत पडली. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांचें संगीतशिक्षण विनायकबुवा पटवर्धनांच्या परंपरेंतलें. परंतु नव्या लयीचा त्यांनीं तिटकारा केला नाहीं. १९४७ च्या 'शहनाई'ंत तिची चाहूल लागली आणि १९५१ च्या 'अलबेला'ंत ती पुरती फुलली. त्या बोलपटांत त्यांच्या साह्यास चिक चॉकलेट होते. त्यांची मंडळी पडद्यावरहि दिसते. बोलपटाचे निर्माते आणि नायक भगवान आबाजी पालव यांचा जन्म अमरावतीचा, म्हणजे आमच्या शेजारचाच. अशा रीतीनें पॅरिसहून मुंबईस आलेली ती लय पंधरा वर्षांनीं वऱ्हाडच्या तंबू-थिएटरांत पोंचली आणि तेथून बँडवाल्यांनीं ती उचलून वरातींत आणली.

आतां माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगतों. त्या काळच्या चित्रपटांच्या नामावळींत संगीतदिग्दर्शकांचें नांव ठळक असे. स्वरमेळ रचणाऱ्याचें आणि वादकांचें नांव बहुधा नसेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं हिंदी रागांसाठीं शंभरांवर वादकांचा वृंद उभा करण्याचें धाडस केलें. आज त्यांचें नांव लहान मुलांच्याहि तोंडीं आहे. पण तें १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यामुळें! त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं गुरूंच्या आदरार्थ तें नांव गाण्यांत गुंफविलें, हें किती जणांस ठाऊक आहे? मुंबईचे पत्रकार नरेश फर्नांडिस यांनीं २०१२ सालीं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हा इंग्रजी ग्रंथ लिहून या विस्मृत वादकांची नोंद केली, तेव्हां कोठें त्यांचीं नांवें पुष्कळ वाचकांपुढें आलीं.

हा वृत्तांत वाचतांना मला तो फुल्यांचा हजेरीपट आठवला. मुंबईच्या वादकाचें नांव नामावळींत नव्हतें. आमच्या मुलाचें नांव माझ्या पटावर होतें, पण मीं त्यापुढें फुली मारली होती. कांहीं वर्षांपूर्वीं तो मला बाजारांत भेटला. आतां तो स्वतः बँडमास्तर आहे. मीं विचारलें, "काय रे, 'अलबेला'ची चाल तूं कोणत्या कागदावरून शिकलास?" तो हंसून म्हणाला, "कागद कोठला, गुरुजी? बाबांनीं ऐकून बसविली, मीं बाबांची ऐकून." मीं त्याला चिक चॉकलेटची हकीगत सांगितली. ती त्यानें उभ्या उभ्याच, पण फार मन लावून ऐकली. मग विचारलें, "त्यांचें खरें नांव काय म्हणालांत?" मीं सांगितलें. त्यानें तें दोनदां घोकलें आणि मला नमस्कार करून गेला. त्या जुन्या दिवसाबद्दल मीं त्याची क्षमा मागावयास हवी होती. ती माझ्यानें मागवली नाहीं. म्हणून आज आपणां सर्वांच्या साक्षीनें मागतों.

श्रोतेहो, येत्या लग्नसराईंत आपल्या दारावरून वरात जाईल. बँडवाल्यांस पाणी तर आपण देतोंच. या खेपेस त्यांच्यांतील क्लॅरिओनेटवाल्यास त्याचें नांवहि विचारावें, एवढीच माझी विनंती आहे.