पाड्यावर जायचं ते कसं
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील भाषण)



मागं उभी असलेली कॉलेजची मुलं इथं का आलीत ते आधी सांगतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कॉलेजांतली पोरं राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालतात. पाड्यावर, वीटभट्टीवर जायचं झालं की वाट दाखवायला दिंडीतल्या माणसांना बोलावतात. योजना तशी जुनी आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. तिच्या चिन्हावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे. पालखीच्या रथामागं चालणाऱ्यांना हे सांगायला बरं वाटतं.

पण गरिबी 'दाखवायला' नेणं आम्हाला पटत नाही. सकाळी बस येते, बिस्किटांचे पुडे वाटले जातात, मोबाईलवर फोटो निघतात, दुपारी बस परत. भट्टीवरची एक माऊली आम्हाला म्हणाली, "पोरं चांगली आहेत हो, पण दरसाल नवीच येतात. मागच्यांना आमची नावं तरी आठवत असतील का?" याला काय उत्तर देणार!

एका दुपारी दिसतं काय? मातीनं भरलेले हात, उघडी पोरं, विटांची रास. दिसत नाही ते पावसाळ्यात घडलेलं असतं. हाताला काम नसतं तेव्हा कातकरी घर भट्टीवाल्याकडून उचल घेतं. दिवाळीनंतर नवरा-बायको बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जातात, हजार विटांमागे दर ठरतो, आठवड्याला खर्ची मिळते. पाऊस तोंडावर आला की हिशेब. पुष्कळदा फिटत नाही, उरलेलं पुढच्या साली. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे, माऊली! आणि पोरांची शाळा? ती गावात राहिली, पोरं भट्टीवर.

कागदाचंही तसंच. आदिवासी असल्याचा दाखला काढायला गेलं की ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्याचा आजा शाळेत गेला नाही, ज्याच्या झोपडीखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर, त्यानं हा कागद आणायचा कुठून? इथं कॉलेजात शिकणाऱ्या पोराचा खरा उपयोग आहे. अर्ज भरा, तहसीलला सोबत जा, रांगेत उभं राहा. त्यात कळेल ते बिस्कीट वाटून कळणार नाही.

काही जण झाडू घेऊन जातात, गाडगेबाबांचं नाव सांगतात. बाबा झाडू मारायचे, पण ज्या गावात कीर्तन त्या गावाचे रस्ते झाडायचे. गरिबाला स्वच्छता शिकवायला नव्हे. कातकरणीचं अंगण तर सारवलेलंच असतं. झाडायचंच असेल तर आपल्या स्टेशनाबाहेरची वाट आहे की.

उल्हासनगरच्या मुलांना एक सांगू का? तुमचं शहर म्हणजे लष्कराच्या बराकी. १९४७ नंतर सिंधमधून आलेली माणसं तिथं राहिली, ८ ऑगस्ट १९४९ ला छावणीचं नाव उल्हासनगर झालं. तुमच्यातल्या कुणाच्या पणजोबानं तिथं रेशनच्या रांगेत दिवस काढले असतील. घरी विचारा. मग पाड्यावर बसून बोलायला शब्द सापडतील.

दिंडीत लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात, आणि वाटेवरच्या गावानं वाढलेली भाकरी आपण मान खाली घालून खातो. पाड्यावरही असंच जायचं. वाढायच्या आधी पंगतीला बसायचं. ते देतील तो भात-आंबील खायचा, नको म्हणायचं नाही. फोटो काढायचा नाही. काढलाच तर त्यांनी सांगितल्यावर, आणि पुढल्या खेपेला छापून त्यांच्या हातात द्यायचा.

म्हणून दिंडीनं ठरवलंय की एकदाच येणाऱ्या बसबरोबर आमचा माणूस जाणार नाही. जी मुलं दोन वर्षं येतील त्यांच्याबरोबर जाऊ: एकदा श्रावणात, उचल घेण्याच्या दिवसांत, एकदा दिवाळीनंतर भट्टीवर, एकदा हिशेबाच्या वेळी. हिशेबाला वही-पेन घेऊन शेजारी बसायचं, बेरीज मोठ्यानं वाचायची. भट्टीवाल्यांतही आपल्या दिंडीत चालणारी माणसं आहेत, आज समोर बसलीत. त्यांना आम्ही हे आधीच सांगितलंय. दोघांनी मान हलवली, एक जण उठून गेला.

नावं विणेकरीबुवांकडे द्यावीत. ताट-वाटी ज्याची त्यानं आणावी.