देखभालीची विद्या आणि नोकरीतील विद्यार्थी



स्नेहसंमेलनाच्या या मंगल प्रसंगी, पारितोषिकांची आणि सायंकाळच्या नाट्यप्रयोगाची उत्कंठा आपल्या मनांत दाटलेली असताना, मी विषय निवडला आहे तो कारखान्यातील देखभालीचा, ज्याला आपल्याकडे सर्रास मेंटेनन्स म्हणतात त्याचा, आणि ही विद्या नोकरी सांभाळून पदव्युत्तर पातळीवर संपादन करण्याचा. यंत्र निर्माण करणाराला कीर्ती लाभते, ते चालविणाराला उत्पादनाचे श्रेय मिळते. परंतु ते बंद पडू न देणाराचे कर्तृत्व काहीही अघटित न घडण्यातच प्रकट होत असल्यामुळे दप्तरात त्याची दखल क्वचितच घेतली जाते. म्हणूनच या कामाला शास्त्र कशाला हवे, असा समज पुष्कळांच्या मनांत घर करून बसलेला असतो, आणि तो किती घातक ठरतो हे एका उदाहरणाने सांगतो.

इंग्लंडात लिंकनशायर परगण्यातील फ्लिक्सबरो येथे नायलॉनसाठी लागणारे कॅप्रोलॅक्टम बनविणारा कारखाना होता, आणि तेथे एकापुढे एक जोडलेल्या सहा रिअ‍ॅक्टरांतून तप्त सायक्लोहेक्झेन दाबाखाली वाहत असे. १९७४ च्या मार्चअखेर पाचव्या रिअ‍ॅक्टरला तडा गेल्याचे आढळले, तेव्हा उत्पादन खोळंबू नये म्हणून तो काढून चौथा आणि सहावा यांना वीस इंची तात्पुरत्या नळीने जोडण्याची तजवीज झाली. कारखान्याच्या प्रमुख यांत्रिकी अभियंत्याची जागा त्या सुमारास रिकामी होती. नळीचा आराखडा वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढण्यात आला. नळीला बाक होता, दोन्ही टोकांना लवचीक बेलोज होते, आणि आतील दाबामुळे त्या बाकावर किती बल येईल याचे रीतसर गणित कोणीच मांडले नाही. १ जून १९७४ रोजी ती नळी निखळली, बाहेर पडलेला वायूचा ढग पेटला आणि २८ माणसे प्राणास मुकली. तो दिवस शनिवारचा नसता तर मृतांची संख्या कितीतरी वाढली असती. ती नळी बसविणारी माणसे आळशी किंवा बेपर्वा होती असे मला म्हणवत नाही. त्यांनी धडपडून कारखाना पुन्हा चालू केला होता. समोरचे काम आपल्या ज्ञानाच्या कक्षेबाहेरचे आहे, हे ओळखण्यापुरते शिक्षण मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

याउलट, अज्ञानाने केलेली अतिरेकी देखभालही तितकीच बाधक ठरते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोस्टल कमांडच्या विमानांचा अभ्यास करताना वॅडिंग्टन या शास्त्रज्ञाला व त्याच्या सहकाऱ्यांना असे दिसले, की नियमित तपासणी होताच अनपेक्षित बिघाड घटण्याऐवजी वाढतात. पुढे १९७८ साली नोलन आणि हीप यांनी अमेरिकन प्रवासी विमानांच्या अनुभवावरून दाखवून दिले, की शंभरांपैकी ८९ घटकांच्या बाबतीत ठरावीक वयानंतर भाग बदलण्याने काही लाभ होत नाही.

विशीतला विद्यार्थी हे सिद्धान्त परीक्षेपुरते पाठ करील. परंतु ओव्हरहॉलनंतर दुसऱ्याच रात्री तापलेले बेअरिंग ज्याने स्वतः पाहिले आहे, त्या अभियंत्याला तेच वाचताना आपल्या अनुभवाचा उलगडा होतो. स्वीडनच्या वायबुल यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या, बिघाडांच्या विश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या सूत्राचा अभ्यास त्याने आपल्याच पंपांच्या बिघाडनोंदींवर करावा, सुट्या भागांच्या साठ्याचा हिशेब आपल्याच भांडारातून मांडावा. अशा विद्यार्थ्याची प्रयोगशाळा त्याच्या नोकरीच्या ठिकाणीच असल्यामुळे, या एका विषयापुरते तरी दूरस्थ शिक्षण मला दुय्यम वाटत नाही. ते मला अधिक स्वाभाविक वाटते. ऑस्ट्रेलियात लिग्नाइटवर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या लॅट्रोब खोऱ्यातून मोनॅश विद्यापीठाच्या गिप्सलँड शाखेने, आणि इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठाने, नोकरदार अभियंत्यांसाठी असे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविले. आपल्याकडेही १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या ए.एम.आय.ई. परीक्षा देऊन कित्येक डिप्लोमाधारक केवळ स्वाध्यायाच्या बळावर अभियंते झाले आहेत.

येथे एक इशारा देणे मी कर्तव्य समजतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेवाचून दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटणाऱ्या अभिमत विद्यापीठांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली लगाम घातला, आणि तो योग्यच होता. कारण ज्याने लेथला हात लावलेला नाही त्याला पत्राने अभियंता करता येत नाही. तेव्हा पाया येथेच, आपल्या संस्थेच्या वर्कशॉपात घाला, आणि पुढे कोणत्याही अभ्यासक्रमाला नाव घालण्यापूर्वी त्याची मान्यता कसोशीने पाहा.

हा मार्ग सुखाचा नाही. रात्रपाळी करून आल्यावर पुस्तक उघडणे, शटडाऊनचा पंधरवडा आणि परीक्षेचा पंधरवडा एकच येणे, शंका विचारायला शेजारी कोणी नसणे, या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांपायी अनेकांचा अभ्यास अर्ध्यावर सुटतो. सभागृहात काही कारखान्यांचे व्यवस्थापक उपस्थित आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, अशा विद्यार्थ्याला परीक्षेसाठी रजा द्यावी आणि बिघाडांचे जुने दप्तर त्याला अभ्यासासाठी खुले करावे. आणि तुम्हां विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो: नोकरीच्या पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा, आणि कोणते यंत्र केव्हा, किती तास चालल्यावर, कशामुळे बंद पडले, ते तीत आपल्या हाताने लिहा. चार-पाच वर्षांनी पदव्युत्तर अभ्यासाला बसाल, तेव्हा तुमच्या प्रबंधाची सामग्री त्या वहीतच मिळेल.