गायन, श्रद्धा आणि आपली तरुण पिढी
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी तरुण मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशी मागे वळून पाहण्याचा प्रघात आहे. मंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोणी दिली, छप्पर कोणत्या साली बदलले, याची नोंद धर्मग्रामाच्या दप्तरी असते व ती असावीच. परंतु ज्या एका गोष्टीने या भिंती खऱ्या अर्थाने भरून गेल्या, तिची नोंद कोणत्याही वहीत सापडावयाची नाही. ती गोष्ट म्हणजे येथे जमणाऱ्या भाविकांचा कंठस्वर. आज आम्ही त्याविषयीच चार शब्द बोलणार आहोत. कारण तो स्वर क्षीण होत चालला आहे, आणि तो राखणे किंवा गमाविणे हे पुष्कळ अंशी तुमच्या हाती आहे.

गायन हा आपल्या धर्माचा केवळ अलंकार नव्हे. शेवटच्या भोजनानंतर प्रभू येशू व त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले, असे संत मत्तय सांगतो. पुढे काय वाढून ठेवले आहे हे प्रभूस ठाऊक होते. तरी तो गायिला. फिलिप्पै येथील बंदिशाळेत पौल व सीला यांचे पाय खोड्यात अडकविले होते, आणि मध्यरात्री इतर बंदिवान त्यांची स्तोत्रे ऐकत होते. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांस ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे आपल्या सोबत्यांसह क्रुसावर मरण आले. त्या हुतात्म्यांपैकी काहींनी क्रुसावरून स्तोत्रे गायिली, असे त्या प्रसंगाचे वृत्तांत सांगतात. सुखात गाणे कोणालाही येते. श्रद्धेचे गाणे संकटातही कंठात राहते, हीच त्याची ओळख होय.

इ. स. ३८६ साली मिलान नगरीत राजमाता जस्टिना हिने मंदिर बळकाविण्याचा घाट घातला, तेव्हा तेथील भाविक आपल्या बिशपांसह मंदिरातच रात्रंदिवस जागत बसले. लोकांचे मन खचू नये म्हणून संत अँब्रोज यांनी त्यांस स्तोत्रे व गीते गावयास लाविले. ती गीते ऐकून संत ऑगस्टीन यांच्या डोळ्यांस अश्रू आले. परंतु त्याच ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात एक शंकाही नमूद केली आहे. जे गायिले जाते त्यापेक्षा गाण्याच्या गोडीनेच मन अधिक हलले, तर तो आपला दोष होय, असे ते मानीत. तथापि गायनाने दुर्बळ मनही भक्तीकडे वळते, म्हणून ते मंदिरात असावे, असाच त्यांनी निर्णय दिला. सोळा शतके लोटली, तरी गोडी आणि अर्थ यांचा हा वाद प्रत्येक गायकवृंदात आजही चालू आहे.

आता आपल्या भूमीकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ते १५७९ साली गोव्यास आले, आणि येथील लोकांस पुराणांची व ओवीची आवड आहे हे पाहून त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचिले. ते १६१६ साली छापून निघाले, व पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. देवळांतून व घरांतून ते वाचले जाई, गायिले जाई. नंतर १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने हुकूम काढिला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. मग हे पुराण वाचले कसे? लोकांनी ते हाताने उतरून घेतले आणि कंठात ठेविले. कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते जतन केले, आणि अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे ते पुनश्च छापले गेले. देवनागरी लिपीत ते १९५६ साली पुण्यास प्रसिद्ध झाले. कागद नष्ट झाला, परंतु सामान्य भाविकांच्या आवडीने ग्रंथ तगला. विद्वानांनी त्याचा शोध घेतला तो पुष्कळ नंतर.

मराठी ख्रिस्ती गायनाचे दुसरे ऋण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. ते आपल्या पंथाचे नव्हते. पण अभंग, पदे आणि भजने या देशी साच्यांत ख्रिस्तभक्ती किती सहज बसते, हे १९१९ साली देह ठेवण्यापूर्वी त्यांनी सिद्ध करून दाखविले. ज्याचे चांगले त्याचे ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही.

तुम्हांपैकी पुष्कळांस चित्रपटसंगीत प्रिय आहे. त्याची आम्ही निंदा करणार नाही. ते आपले नातलगच आहे. गोव्यातील देवळांच्या शाळांतून गायनमास्तर मुलांस स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. त्या परंपरेतील माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील देवळातील गायकवृंदाचे प्रमुख होते. १९२७ साली जन्मलेले हे गृहस्थ मुंबईस येऊन चित्रपटसंगीतातील नामांकित वादक व संयोजक झाले. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा त्यांनी उद्योग केला. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य, आणि १९७७ सालच्या चित्रपटातील प्रसिद्ध गीतात त्यांचे नाव आले ते या गुरुभक्तीमुळे. त्यांच्यासारख्या कित्येकांच्या बोटांस पहिले वळण देवळाच्या छायेत लागले. असे असता चित्रपटाची प्रचलित चाल जशीच्या तशी उचलून तिच्यावर प्रभूचे शब्द बसवू नयेत असे आम्ही का म्हणतो? कारण चाल एकटी येत नाही. ती आपले मूळ शब्द, पडद्यावरील चित्र व त्या प्रसंगाची आठवण बरोबर घेऊन येते. ओठांवर पवित्र नाव आणि मनात नाचाचा देखावा, अशी फाटाफूट झाली की प्रार्थना उरत नाही.

ख्रिस्तसभेनेही याविषयी पुष्कळ विचार केला आहे. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे गायकांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, पवित्र संगीतावर आज्ञापत्र काढिले. नाटकी थाटाचे गायन त्यांनी मंदिराबाहेर काढिले, आणि भाविकांनी पुन्हा स्वतः गाऊ लागावे अशी इच्छा दर्शविली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात पाइप ऑर्गनचा मान राखून, ज्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेस उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे सांगितले. मराठी मिस्सा आणि वेदीजवळील पेटी-तबला यांस त्यामुळेच वाट मोकळी झाली. येथे एक मौज सांगण्याजोगी आहे. पेटीचे मूळ एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये आहे. परकी व हिंदुस्थानी गायनास अयोग्य ठरवून आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी केली, ती १९७१ पर्यंत सर्वस्वी उठली नाही. इकडे देवळात मात्र तीच पेटी देशीपणाची खूण झाली. तात्पर्य, वाद्य कोठून आले यापेक्षा ते कोणाच्या सेवेस लागले, याला महत्त्व आहे.

मग स्वर क्षीण का होत आहे? आमच्या मते त्यास तीन कारणे आहेत. ध्वनिक्षेपकापुढे पाच-सात जण उत्तम गातात आणि बाकीचे श्रोते होतात, हे पहिले. गायिकेस सोयीची उंच पट्टी धरली जाते व मागच्या बाकांवरील पुरुष दुसऱ्या ओळीलाच गप्प होतात, हे दुसरे. आणि घरातील सायंप्रार्थना मोडली, हे तिसरे व सर्वांत मोठे. जो आठवडाभर घरी गात नाही, तो रविवारी देवळात एकाएकी कसा गाईल?

यास्तव आम्ही तुम्हांस चार गोष्टी सुचवितो. गायकवृंदातील मुलामुलींनी कोणतेही गीत बसविण्यापूर्वी त्याचा अर्थ आपसांत एकदा वाचावा. पट्टी उतरवावी, आणि निदान दोन गीते अशी निवडावी की ती आजीबाईंपासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांस येतात. जपमाळेनंतर घरी एक कडवे म्हणावे. विरार गाडीतून थकून येणाऱ्या माणसासही एवढे अवघड नाही. त्याच गाडीत आपले हिंदू बांधव टाळ वाजवून भजन म्हणतात. त्यांस लाज वाटत नाही, मग आपल्यास आपल्याच ओटीवर का वाटावी? चौथी गोष्ट तातडीची आहे. सामवेदी व वाडवळी बोलींतील लग्नाची गाणी ज्या वृद्ध स्त्रियांस येतात, त्या दरवर्षी थोड्या होत आहेत. तुमच्या खिशातील फोन या कामी येऊ द्या. गाणे, गाणारणीचे नाव, गाव व प्रसंग, हे सर्व नोंदवून ठेवा. ख्रिस्तपुराण ज्या रीतीने तगले, ती रीत हीच होय.

कोणी म्हणेल, "जुनी गाणी आमच्या मनाला भिडत नाहीत." हे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. फादर स्टीफन्स यांचे पुराणही एके काळी नवेच होते. तर मग तुम्हीही नवे रचा; मात्र ते आपल्या भाषेत, आपल्या जिण्यातून रचा. रुग्णालयातील रात्रपाळी, विकली गेलेली वाडी, नोकरीसाठी आखातात गेलेला भाऊ, यांचे निवेदन प्रभूपुढे गाऊन करणारे गीत अद्याप कोणी लिहावयाचे आहे.

शेवटी एकच. गाण्याची परीक्षा देवळाबाहेर होते. रविवारी प्रीतीचे गीत गाणाऱ्याने सोमवारी मजुराची मजुरी अडविली, किंवा बांधावरून भावाशी बोलणे टाकिले, तर त्याचा सूर कितीही शुद्ध असो, तो बेसूरच गायिला. उलट ज्याचा सूर ढळतो पण व्यवहार सरळ आहे, त्याचे गाणे देव आनंदाने ऐकतो, अशी आमची श्रद्धा आहे. या मंदिराच्या पुढील महोत्सवी आपल्यापैकी कित्येक जण नसतील. परंतु त्या दिवशी येथे मूठभर गायकांचा नव्हे, तर सर्व लोकांचा स्वर उठावा, आणि तो तुम्ही आपल्या मुलांस शिकविलेला असावा, एवढेच मागणे आम्ही प्रभूपाशी करितो. त्याची कृपा तुम्हां सर्वांवर असो.