समाजमंदिर आणि विजेची काटकसर
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार पुरा होतो, कलशारोहण होते, महाप्रसादाच्या पंगती उठतात आणि मग गावाचे लक्ष साहजिकच देवळाशेजारच्या समाजमंदिराकडे वळते. हरिनाम सप्ताह, लग्नकार्य, ग्रामसभा, भजनी मंडळ, मुलांची अभ्यासिका या साऱ्यांना हक्काची जागा हवी असते. वर्गणी निघते, दाते पुढे येतात. कोणी पंखे देतो, कोणी ट्यूबलाइट देतो. पंख्याच्या पात्यावर दात्याचे नावही रंगविले जाते. परंतु तो पंखा फिरविणाऱ्या विजेच्या बिलाला दाता सहसा मिळत नाही. ते बिल दरमहा देवस्थानच्या दानपेटीतून जाते. इमारत एकदाच बांधली जाते, बिल मात्र पुढील चाळीस-पन्नास वर्षे येत राहते. यास्तव त्याचा विचार पाया खणण्यापूर्वीच झाला पाहिजे.

या विचाराचे सूत्र सोपे आहे. आधी इमारत, मग उपकरणे, मग नियंत्रणे आणि सर्वांत शेवटी सौर पॅनेल. हा क्रम उलटला की पैसा वाया जातो. तापलेल्या मंडपात महागडी यंत्रे बसविणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरण्यासारखे आहे.

प्रथम इमारत. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता संध्याकाळी खाली सोडतो. नेमकी तीच वेळ प्रवचनाची आणि कीर्तनाची असते. पंखा वरची तापलेली हवाच अंगावर लोटतो आणि लोक म्हणतात, आणखी पंखे लावा. वास्तविक दोष पंख्यांचा नसून छताचा असतो. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात दिला किंवा पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीचे तुकडे बसविले, तर बरेचसे ऊन तेथूनच परतते. धुळीने हा पांढरेपणा मळतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी दरसाल छत धुणे आणि लागल्यास पुन्हा चुना देणे आवश्यक असते. छत पत्र्याचे असेल तर पत्र्याखाली पोकळी सोडून दुसरे अस्तर द्यावे आणि आढ्याजवळ गरम हवेला वाट ठेवावी. गरम हवा हलकी असते, ती वर जाते. वरून ती बाहेर पडली की खालच्या खिडक्यांतून ताजी हवा आपोआप आत येते. वाड्याच्या चौकाने आणि स्वयंपाकघरातील धाराड्याने हेच काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे.

दिशांचेही तसेच आहे. महाराष्ट्रात हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तर पुण्यासारख्या ठिकाणी मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. दक्षिणेच्या भिंतीला साधा छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे, छज्ज्याखालून थेट आत शिरणारे असते. त्याला जाळीची भिंत, व्हरांडा किंवा कडुनिंबाची रांग हाच उपाय. शक्य तर पश्चिमेला भांडारगृह, जिना अशा कमी वापराच्या जागा ठेवाव्यात. याला एक रुपयाही अधिक पडत नाही, केवळ नकाशावर पेन्सिल दुसरीकडे फिरवावी लागते.

ही केवळ जुन्याची आवड नव्हे. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राचे उद्घाटन २००४ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. अत्यंत आधुनिक अशा त्या इमारतीत मध्यभागी चौक आहे, जाळीच्या भिंती आहेत, छतावर बाग आहे आणि यंत्राकडे जाणारी हवा आधीच गार करणारे मनोरे आहेत. दिल्लीचे इंदिरा पर्यावरण भवन २०१४ साली सुरू झाले. त्याच्यावर ९३० किलोवॅटची सौर पॅनेल आहेत, पण तेथेही मध्ये मोकळे अंगण राखून उजेड आणि वारा आधी आत घेतला आहे. ज्यांना यंत्रे विकत घेणे सहज परवडते, त्यांनीही सुरुवात चौकापासून केली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता उपकरणे. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. अलीकडचा बीएलडीसी मोटारीचा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. समजा, मंडपात २० पंखे आहेत आणि ते रोज ५ तास चालतात. जुने पंखे दिवसाला साडेसात युनिट घेतील, नवे ३ युनिट. वर्षात ३०० दिवस धरले तर फरक १३५० युनिटांचा पडतो. गावाला लागू असलेल्या दराने हा आकडा गुणावा, म्हणजे दात्याने कोणता पंखा द्यावा हे वेगळे सांगावे लागत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. या पंख्यांना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर जोडू नये. तसेच सार्वजनिक जागेत रिमोट हरवतात, म्हणून भिंतीवरील बटणाने वेग बदलणारा प्रकार मागून घ्यावा. दिव्यांचे गणितही असेच आहे. जुनी ट्यूब चोकसह ५० वॅटच्या आसपास घेते, एलईडी ट्यूब २० वॅटमध्ये काम भागविते. कार्यालयाच्या खोलीत वातानुकूलन यंत्र असेलच, तर ते २४ अंशांवर ठेवावे. २०२० पासून तारांकित यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. त्यापुढे एकेक अंश वाढविला तर विजेत सुमारे सहा टक्के बचत होते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

तिसरी गोष्ट नियंत्रणाची. घर आणि समाजमंदिर यांत मोठा भेद आहे. घरात दिवा चालू राहिला तर आई रागावते. समाजमंदिरात सर्वांचे ते कोणाचेच नसते. चारशे माणसे उठून जातात आणि वीसही पंखे रात्रभर रिकाम्या सतरंज्यांना वारा घालतात. आपोआप चालणाऱ्या नियंत्रणांचा खरा उपयोग येथे आहे.

परंतु प्रत्येक जागेला तिचे नियंत्रण शोभते. प्रांगणातील दिव्यांना फोटोसेल लावावा, म्हणजे अंधार पडला की ते लागतात व उजाडले की विझतात. पाण्याच्या टाकीला फ्लोट स्विच हवा, म्हणजे टाकी भरली की मोटार थांबते. शौचालय, जिना आणि भांडारगृह येथे माणसाची हालचाल टिपणारा सेन्सर उत्तम. तोच सेन्सर सभामंडपात मात्र फजिती करतो. तो अंगाच्या उष्णतेची हालचाल ओळखतो आणि कीर्तनात रंगलेले मागच्या रांगेचे श्रोते तर निश्चल बसलेले असतात. ऐन पूर्वरंगात दिवे गेले की कोणीतरी चिडून सेन्सरच काढून टाकतो. म्हणून मंडपात दिवे हाताने लावावेत, सेन्सरकडे केवळ विझविण्याचे काम द्यावे आणि तेही वीस मिनिटे काहीच हालचाल नसेल तर.

याहूनही आधी मंडपाची वायरिंग तीन-चार भागांत करावी. पंचवीस माणसांच्या भजनासाठी पुढचे चार पंखे पुरतात, परंतु सर्व पंखे एकाच बटणावर असतील तर सर्वच लावावे लागतात. हे काम गिलाव्यापूर्वी स्वस्तात होते, नंतर भिंती फोडाव्या लागतात. प्रत्येक स्वयंचलित साधनाशेजारी हाताचे बटण असलेच पाहिजे. तालुक्याहून वायरमन येईपर्यंत मंडपात अंधार राहणे योग्य नव्हे. वीज गेली तरी वेळ न विसरणारा, बॅटरीवर घड्याळ राखणारा टायमरच घ्यावा. नियंत्रणे स्वतःही थोडी वीज खातात. अखंड चालणारा एक वॅट वर्षाला जवळजवळ ९ युनिट होतो, तेव्हा हौसेखातर साधनांची गर्दी करू नये. आणि गाभाऱ्यात यातले काहीच नको. नंदादीप भक्ताच्या हातानेच तेवावा.

एवढे झाल्यावर सौर पॅनेलचा विचार करावा. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनेल सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देते, पावसाळ्यात कमी. गरज आधी घटविली असेल तर लहान संच पुरतो. नेट मीटरिंगचे नियम महाराष्ट्रात २०१५ साली आले, त्यामुळे दुपारची जादा वीज जाळ्यात देऊन रात्रीच्या विजेशी तिची वजावट होऊ शकते. पुष्कळांचा समज असतो की पॅनेल आले म्हणजे वीज गेली तरी दिवे राहतील. बॅटरी नसलेला संच वीज जाताच बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून तशी योजनाच असते.

मोठ्या इमारतींना कायदा विचारतो. केंद्राची २०१७ ची ऊर्जा संवर्धन संहिता १०० किलोवॅट आणि त्याहून अधिक जोडभाराच्या व्यापारी इमारतींसाठी केलेली आहे. गावच्या समाजमंदिराला ती विचारणार नाही. तेथे विश्वस्तांनीच स्वतःला विचारावयाचे आहे.

त्यासाठी शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे. वायरिंगचा नकाशा चौकट करून मीटरशेजारी लावावा. एका जबाबदार माणसाकडे एक वही द्यावी. त्याने दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मीटरचा आकडा, त्या महिन्यातील कार्यक्रम आणि झालेली दुरुस्ती लिहावी. सप्ताहाच्या महिन्यात आकडा वाढणारच, त्याची चिंता नको. कार्यक्रम नसताना तो वाढला तर मात्र कोठेतरी गळती आहे. ती वही वार्षिक सभेत हिशेबाबरोबर वाचली जावी. दानपेटीत पडलेला रुपया कोणा वृद्धेने आठवड्याच्या मजुरीतून काढलेला असतो. तो रिकाम्या मंडपातील पंख्यावर खर्ची न पडता मुलांच्या अभ्यासिकेतील दिव्यासाठी उरला, तर जीर्णोद्धाराचे काम खऱ्या अर्थाने पुढे चालू राहील.