अनुदान कारखान्याला की माणसाला?

अपंग माणसाला काम मिळावे म्हणून सरकारने पैसा नेमका कुठे घालावा? त्याच्यासाठी वेगळा कारखाना काढावा, की चारचौघांच्या कारखान्यात त्याची सोय लावावी? ब्रिटनने हे दोन्ही मार्ग चोखाळून पाहिले आहेत.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, तिथे अपंगांच्या रोजगाराचा कायदा झाला. अर्नेस्ट बेव्हिन तेव्हा कामगारमंत्री होते. या कायद्यातून ‘रेम्प्लॉय’ ही सरकारी कंपनी उभी राहिली. तिचा पहिला कारखाना १९४६ मध्ये वेल्समधील ब्रिजेंड इथे निघाला. खाणीत जायबंदी झालेले मजूर तिथे फर्निचर बनवू लागले. पुढे देशभर असे कारखाने निघाले. शाळांची टेबले-खुर्च्या, सैनिकांचे विषारी वायूपासून बचाव करणारे पोशाख असा माल तिथे तयार होई. येणारी तूट सरकार भरून काढी.

पण काळ बदलला. आम्हाला वेगळे का बसवता, असे अपंगांच्याच संघटना विचारू लागल्या. २०११ मध्ये लिझ सेस यांचा अहवाल आला. कारखान्यातल्या एका जागेमागे सरकारला वर्षाला सुमारे २५ हजार पौंड खर्च येत होता. उलट ‘अ‍ॅक्सेस टू वर्क’ या १९९४ पासूनच्या योजनेत माणशी सुमारे २,९०० पौंड पुरत होते. खास उपकरण, खुणांच्या भाषेचा दुभाषी, बसने जाता येत नसेल तर टॅक्सीचे भाडे, असा खर्च ही योजना देते.

हिशेब चोख होता. २०१२ मध्ये कारखाने बंद करण्याची घोषणा झाली आणि २०१३ मध्ये शेवटच्या कारखान्यांनाही टाळे लागले. कामगार निदर्शने करीत रस्त्यावर आले. त्यांचेही खोटे नव्हते. पगाराइतकीच तिथली सोबत त्यांना मोलाची होती आणि नोकरी गेल्यावर अनेकांना दुसरी मिळाली नाही. नवे दार उघडण्याआधीच जुने लावून घेतले गेले होते.

आपल्याकडे १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्याने त्या चार टक्के केल्या. खासगी मालकांसाठी केंद्र सरकारने २००८ मध्ये एक योजना आणली. अपंग कामगार नेमला, तर त्याच्या भविष्यनिर्वाह निधीतला आणि कर्मचारी विम्यातला मालकाचा वाटा पहिली तीन वर्षे सरकार भरणार होते.

कल्पना चांगली. पण मालकाचा वाटा सरकारने भरला, म्हणून कारखान्याच्या पायऱ्या कमी होत नाहीत. चाकाची खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह आपोआप बांधले जात नाही, की बसची पायरी खाली येत नाही. अपंग माणूस पुष्कळदा कामाला अडत नाही, कामापर्यंत पोचायला अडतो. म्हणून अनुदान द्यायचेच, तर आधी त्या वाटेला द्यावे. आणि ती वाट तयार होईपर्यंत कुणाच्या हातचे आहे ते काम काढून घेऊ नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)