मुलांची मॅच, आपला आरडाओरडा
(संस्थेच्या क्रीडा पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



बक्षिसं वाटायचा मान दिलात, आभारी आहे. आज जे बोलणार आहे ते मागे खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींसाठी आहे.

रोज संध्याकाळी मी मैदानाजवळच्या बाकावर असतो. एरवी पोरं आपापली खेळतात. भांडणं होतात, मिटतात. एक बाजू फारच हरायला लागली की "तू आता आमच्याकडे ये" म्हणून गडी बदलून घेतात. रविवारी मॅच असली की आपण उतरतो. वडील ओरडतात, "पास दे!" आई म्हणते, "मार, मार!" कोच तिसरंच सांगत असतो. आठ वर्षांचा पोरगा बॉल सोडून आपल्या तोंडाकडे बघतो. नंतर लिफ्टमध्ये उलटतपासणी. "तो गोल सोडलासच कसा?" सातवा मजला येईपर्यंत पोरगं नुसतं आकड्यांकडे बघत उभं. मागच्या वर्षी छान खेळणारे दोघे-तिघे यंदा खाली उतरलेच नाहीत. अभ्यास आहे म्हणतात. असेलही.

नॉर्वेची लोकसंख्या साधारण 55 लाख, मुंबईच्या निम्म्याहून कमी. तिथल्या क्रीडा महासंघाने 1987 साली मुलांच्या खेळासाठी नियम केले, 2007 मध्ये ते सुधारले. मूल अकराव्या वर्षात येईपर्यंत गुणतक्ता नाही, क्रमवारी नाही. फुटबॉलमध्ये लहानांची टीम चार गोलांनी मागे पडली तर तिला एक जादा खेळाडू उतरवता येतो. म्हणजे आपली पोरं कुणी न शिकवता करतात तेच!

मग तिथली मुलं लेचीपेची निघाली का? 2018 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये 39 पदकं घेऊन नॉर्वे पहिला. एर्लिंग हालांड ब्रिने या छोट्या गावच्या क्लबात वाढला. सगळं श्रेय नियमांना देत नाही. तिथे बर्फ आहे, पैसाही आहे.

आपण फी भरतो, महागाचे बूट आणतो, सकाळी सहाला उठून सोडायला जातो, हे मला दिसतं. एवढं घातलं की मनात व्याजाचा हिशेब सुरू होतो. जन्म त्याच धंद्यात गेला, मला कळतं. पण मुदत ठेवीची पावती खिडकीत आपण सही करून घेतो. पोराने कुठे सही केलीय?

तेव्हा कमिटीपुढे माझी सूचना अशी. 26 जानेवारीच्या स्पर्धेत दहा वर्षांखालच्या मुलामुलींचे गोल फळ्यावर लिहू नयेत. पाच-पाचच्या टीम कराव्यात, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल लागेल. करंडकांचे पैसे वाचतील, त्यात पार्किंगच्या बाजूला जाळी लावावी. गाड्यांच्या काचांवरून होणारी भांडणंही थांबतील. पालकांच्या खुर्च्या बागेच्या कडेला मांडाव्यात. टाळ्या कितीही वाजवा, सूचना मात्र कोचने द्याव्यात.

कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत ऑफिसात लेखी द्यावी. आता बक्षिसं देऊ, मुलं केव्हाची खोळंबली आहेत.