हंपीचा रथ आणि आपली खोली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायची सवय नाही, शिक्षणही सातवीपर्यंतचेच. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

पर्समधली पन्नासाची नवी नोट काढून तिची मागची बाजू पाहा. हा हंपीच्या विठ्ठल मंदिरातला दगडी रथ. गेल्या वर्षी आपण सहलीला गेलो तेव्हा पाहिला तोच. आपला पंढरीचा विठोबा काही काळ तिकडे होता आणि भानुदासांनी त्याला परत आणले, ही कथा आपण कीर्तनात ऐकलेली. म्हणून तो रिकामा गाभारा पाहून कित्येकींचे डोळे भरले. 1565 च्या लढाईनंतर ते सारे नगर उद्ध्वस्त झाले.

आणि आपण फोटो कसे काढले? पुढे आपण अठराजणी, मागे रथाचे एक चाक!

घरी आल्यावर मुलीने मला एक जुने छायाचित्र दाखवले. 1856 साली मद्रासच्या फौजेतल्या अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाच्या अधिकाऱ्याने हंपीची छायाचित्रे काढली. तेव्हा फिल्म नव्हती. कागदाला मेण पाजायचे, त्यावर चांदीच्या क्षाराची प्रक्रिया करायची आणि कॅमेरा कितीतरी मिनिटे उघडा ठेवायचा. कागदावर उजेडाचे काळे नि सावलीचे पांढरे उमटे, त्यावरून मग दुसऱ्या कागदावर खरे चित्र उतरवायचे. माझ्या मनात आपले पापडच आले. ऊन हवे आणि धीर हवा.

त्या चित्रात रथाच्या माथ्यावर विटांचे शिखर आहे. आज ते नाही, नोटेवरही नाही. पुढे 1983 साली जॉन गोलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने ग्रीनलॉच्याच जागांवर उभे राहून तीच ठिकाणे पुन्हा टिपली. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की काय पडले, काय उरले ते दिसते. यातली कला मला वाटते ती एवढीच, की कुठे उभे राहायचे ते कळायला हवे.

ते पाहून मला माहेरचा वाडा आठवला. तो पाडून पंधरा वर्षे झाली. मुलगी विचारते, "आई, तुमची ओसरी कशी होती?" माझ्याजवळ ओसरीचा एकच फोटो, लग्नातला. त्यातही पोपडे दिसू नयेत म्हणून फोटोग्राफरने मागे पडदा लावलेला! पडदाच तेवढा छान आला आहे.

हे आज सांगते, कारण आपल्या मंडळाची ही खोली पुढच्या महिन्यात पाडणार आहेत. नवी होईल, चांगलीच होईल. पण ओल आलेली भिंत, पाट्या-वरवंट्याचा कोपरा, खिळ्यांवर टांगलेल्या आपल्या पिशव्या, हे आहे तसे एकदा टिपू या. आवराआवर करायची नाही, पडदा लावायचा नाही आणि मध्ये कोणी उभे राहायचे नाही. मग हवे तर सगळ्याजणींचा एक काढू.

रविवारी चार वाजता या. त्या वेळी खिडकीतून ऊन थेट पाट्यापर्यंत येते.